प्रतिभाविकासाचा खर्च आणि माहुलची हवा
बास्केटबॉलमधील प्रतिभाविकास, म्हणजे गुणी मुले हेरून त्यांना वर्षानुवर्षे शास्त्रीय प्रशिक्षण देणे, हा ३.०५ मीटर उंचीवरील कडे आणि एक चेंडू एवढ्यावर सुरू होत असला, तरी प्रशिक्षक, आहार व प्रवास यांवरील खर्च पुढे वाढतच जातो. काही ठिकाणी या खर्चात स्वच्छ हवेचाही विचार करावा लागतो. २०१९ मध्ये वरळीत एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने भरवणाऱ्या मुंबईतच तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतचे माहुल आहे, जेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये नमूद केले होते. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा घेते. धावताना हे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि प्रदूषकेही, विशेषतः वाढत्या वयातील फुप्फुसांत, खोलवर जातात. माहुलच्या मुलांसाठीच्या क्रीडायोजनेत म्हणूनच स्वच्छ हवेचा खर्च सर्वप्रथम धरला पाहिजे.