स्पंदकांचे रेडिओ आणि क्ष-किरण

अवजड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम 25 किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाटलेले असते. त्याचे चुंबकीय ध्रुव फिरण्याच्या अक्षाशी तिरपे असतील, तर त्यातून निघणारा झोत दर फेरीला एकदा पृथ्वीवरून सरकतो. हाच स्पंदक. 1967 मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल यांना पहिला स्पंदक रेडिओ दुर्बिणीने सापडला. त्याचा ठोका 1.337 सेकंदांचा होता.

वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघातला स्पंदक मात्र सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो. 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून तो जन्मला. त्याचा वेग सतत मंदावत आहे आणि त्यात गमावलेली ऊर्जाच त्याचे सगळे प्रारण पुरवते. रेडिओलहरींच्या वाट्याला तिचा अगदी नगण्य अंश येतो, क्ष-किरणांच्या वाट्याला कितीतरी अधिक. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते. त्यामुळे त्यांतले ठोके टिपण्यासाठी 1969 मध्ये अग्निबाण पाठवावे लागले.

दोन्ही प्रारणे विद्युतभारित कणांकडूनच येतात, पण त्यांच्या तऱ्हा वेगळ्या. क्ष-किरण देताना चुंबकीय क्षेत्रात वेगाने धावणारा प्रत्येक कण स्वतंत्रपणे प्रारण सोडतो. रेडिओ ठोके इतके प्रखर असतात की असंख्य कण एका तालात प्रारण सोडत असले पाहिजेत. हा ताल कसा जुळतो, हा स्पंदकविज्ञानातला सर्वांत कठीण प्रश्न अजून सुटलेला नाही. या दोन प्रक्रिया एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, हे 2021 मध्ये दिसले. क्रॅब स्पंदक अधूनमधून महाकाय रेडिओ ठोके देतो. त्याच क्षणी त्याचे क्ष-किरणही सुमारे 4 टक्क्यांनी वाढतात, असे अंतराळ स्थानकावरील नायसर या दुर्बिणीने टिपले.

1982 मध्ये डोनाल्ड बॅकर, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना अरेसिबो दुर्बिणीने सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा स्पंदक सापडला. म्हातारे स्पंदक मंद असायला हवेत, मग हा वेग आला कुठून? जोडीदार ताऱ्याकडून ओघळणारे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याला फिरण्याचा नवा जोर देते, असे उत्तर मांडले गेले. ते द्रव्य पृष्ठभागावर आदळून तापते आणि क्ष-किरण सोडते. 1998 मध्ये नेमका असा, सेकंदाला 401 फेऱ्या घेणारा क्ष-किरण स्पंदक सापडला. 2013 मध्ये तर एम28 या तारकागुच्छातला एकच तारा काही आठवड्यांच्या अंतराने क्ष-किरण स्पंदक आणि रेडिओ स्पंदक अशा दोन्ही रूपांत दिसला. द्रव्याचा ओघ थांबताच त्याचे रेडिओ ठोके परत सुरू झाले होते.