मोठ्या पायांचा बारापासॉरस

डायनोसॉर म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तीक्ष्ण दातांचा, अंगावर धावून येणारा कोणी परदेशी राक्षस उभा राहतो. परंतु त्याच कुळात केवळ पाल्यावर जगणारे, लांब मानेचे प्राणीही होते. आणि आजवर जमिनीवर वावरलेले सर्वांत मोठे प्राणी तेच होत. त्यांच्यापैकी एकाच्या अस्थी आपल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मिळाल्या आहेत. त्याची ओळख मुलांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही व्हावी, एवढाच आमचा हेतू.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना आकडेशास्त्राप्रमाणे भूशास्त्राचेही अगत्य होते. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या विदुषी पॅमेला रॉबिन्सन भारतात आल्या आणि संस्थेत जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. पुढे १९६१ साली, आता तेलंगणात मोडणाऱ्या पोचमपल्ली गावाजवळ मोठे उत्खनन झाले. (विनोबांच्या भूदानाचे पोचमपल्ली ते निराळे.) तेथे सुमारे ३०० हाडे निघाली, ती निदान सहा प्राण्यांची. ज्या खडकांत ती होती, त्या थरांना सिरोंच्याजवळच्या कोटा या गावाचे नाव आहे. थरांचे वय अठरा कोटी वर्षांच्या आसपास.

मांडीचे एक हाड १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट भरले. पुरता वाढलेला माणूस शेजारी उभा केला तर दोघांची उंची जवळजवळ सारखीच! म्हणून नाव पडले बारापासॉरस. बंगालीत ‘पा’ म्हणजे पाय. ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. आणि ग्रीक ‘सॉरस’ म्हणजे सरडा. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून १९७५ साली शास्त्रीय नामकरण करताना त्याला ‘टागोरी’ हे उपपदही जोडले गेले.

आता खरा प्रश्न. सुमारे ४५ फूट लांबीचा हा देह पाल्यावर पोसला कसा जाई? त्या काळी गवत नव्हते, फुलझाडे नव्हती. होते ते सूचिपर्णी वृक्ष, सायकस आणि नेचे. असला राठ चारा गाय रवंथ करून बारीक करते. हा प्राणी तो चावतच नसे. ओरबाडावा आणि गिळावा. चावायचे नाही म्हणजे जबड्याचे भले मोठे स्नायू नकोत, दाढा नकोत. त्यामुळे डोके लहान राहिले. डोके लहान म्हणून ते लांब मानेच्या टोकाला पेलता आले. मान लांब म्हणून एका जागी उभे राहून चहूकडचा पाला खाता आला आणि चालण्याचे श्रम वाचले. उरलेले काम पोटाचे. त्या प्रचंड कोठीत पाला दीर्घकाळ आंबत राही. एवढा भार तोलण्यासाठी पाय सरळ खांबांसारखे होते. मणक्यांत खळगे पडून ते हलके होऊ लागले होते. पुढच्या काळातील त्याच्या कुळातल्या प्राण्यांत हे पोकळपण फारच वाढले. तात्पर्य, या देहाच्या थोरपणाचे मर्म त्याच्या लहानग्या डोक्यात आहे.

आणि मौज अशी की, ते डोकेच सापडलेले नाही! मिळाले ते केवळ काही दात. कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात बारापासॉरसचा सांगाडा उभा आहे. त्याचे डोके जमिनीतून निघालेले नव्हे, घडवलेले आहे. दातांवरून आणि त्याच्या भाऊबंदांच्या कवट्यांवरून ते कसे असावे हे ताडता येते. मुलांना सांगताना हाती आलेले कोणते आणि ताडलेले कोणते, हे वेगळे करून सांगावे. शास्त्राची गोडी त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट. या हाडांबरोबर मोठमोठ्या वृक्षांचे अश्मीभूत बुंधेही मिळाले. त्यावरून एखाद्या पुरात कळपच्या कळप बुडाला असावा, असा तर्क निघाला. हाडे कोणी एकेक करून उचलून नेली असती, तर हाडे राहिली असती, पण पुराची हकीगत कायमची हरवली असती. जीवाश्माचे निम्मे बोलणे त्याच्या जागेत असते. म्हणून आमचे मुलांना एवढेच सांगणे : रानात, नदीकाठी हाडासारखा दगड दिसला तर तो उचलू नका, फोडू नका. जागेची खूण नीट टिपा आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयाला कळवा. बारापासॉरसचे हरवलेले डोके अजूनही त्या खोऱ्यात कुठेतरी पडलेले असू शकेल.