युरिया जातो कुठे?

वरळीच्या बीडीडी चाळीत खिडकी हीच आमची बाग होती. एकशे साठ चौरस फुटांत सात माणसं. म्हणून अम्मीचा गुलाब गजांना बांधलेल्या डालड्याच्या डब्यात. १९८०च्या आसपास शेजारचे काका साताऱ्याहून येताना पुडीतून पांढरे दाणे घेऊन आले. म्हणाले, "भाभी, युरिया आहे. घाला, फुलांनी डबा दिसायचा नाही." अम्मीने मूठभर घातला, वर तांब्याभर पाणी ओतलं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. डब्याच्या भोकातून ठिबकलेलं पाणी खालच्या मावशींच्या कुरडयांवर पडलं आणि दिवसभर भांडण झालं, ते वेगळंच.

डब्यातल्या खतापैकी गुलाबाला किती मिळालं आणि कुरडयांना किती, हा प्रश्न मात्र त्या भांडणात कुणी विचारला नाही. मलाही तो सुचला तो थेट गेल्या हिवाळ्यात, अमरावती जिल्ह्यातल्या वरूडला. तिथे माझा एक कवीमित्र संत्र्याची बाग सांभाळतो. मी बी.ए. झालो ते मराठी घेऊन; रसायनशास्त्राशी माझा संबंध चहात साखर विरघळण्यापुरता. तरी जे समजलं ते सांगतो.

युरियात नायट्रोजन ४६ टक्के. मातीत पडल्यावर काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पण मातीतले जिवाणू स्वस्थ बसत नाहीत. ते अमोनियमचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, म्हणजे मातीशी त्याचं जमत नाही. मुळांनी उचललं तर ठीक, नाहीतर पाणी जाईल तिकडे तेही जातं. २०१५पासून आपल्याकडे सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं लेपण सक्तीचं झालं, ते याच बदलाचा वेग कमी करण्यासाठी. वेग कमी होतो, पण बदल थांबत नाही.

त्यात संत्र्याची रीत वेगळी. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात. काळी जमीन वाळते आणि तिला भेगा पडतात. हात घातला तर कोपरापर्यंत जावा, अशा. मग आळ्यात खत टाकून पाणी सोडतात. पहिलं पाणी मुळांपाशी रेंगाळत नाही, भेगांतून सरळ खाली धावतं. मृग बहाराला तर खत आणि धो धो पाऊस एकाच वेळी. सगळा युरिया एकदम टाकला, की आमच्या डालड्याच्या डब्याचीच गत. फरक इतकाच, की इथे खाली कुरडया नसतात, विहीर असते.

ही एकट्या संत्र्याची गोष्ट नाही. चीनच्या शान्शी प्रांतात सफरचंदाच्या बागांखाली कित्येक मीटर खोलवर नायट्रेट साचलेलं सापडलं आहे. बरं, जास्त नायट्रोजन देऊन फळ तरी सुधारतं का? झाड नुसतं पाल्यावर जातं, कोवळ्या फुटीवर सिट्रस सायला धावून येते, आणि संत्र्याची साल जाड होते.

मित्राच्या घरी त्या वेळी मुलगी बाळंतपणाला आलेली होती. बाळाला वरचं दूध होतं. मित्र मोठ्या विश्वासाने म्हणाला, "भाई, बाळाच्या दुधाला विहिरीचं पाणी चांगलं वीस मिनिटं उकळतो आम्ही." माझ्या पोटात गोळा आला. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवला होता.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून जास्त नमुने तिच्या वर निघाले. देशातल्या सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांत अमरावती, वर्धा, बुलढाणा, यवतमाळ आहेत. दोष एकट्या खताचा नाही; गोठा आणि शोषखड्डाही विहिरीजवळच असतात.

मित्राने पाणी तपासायला दिलं. आकडा आला नव्वदच्या घरात. बाळाचं पाणी त्याच दिवशी बदललं. बाळ सुखरूप आहे.

मग आम्ही दोघे कवी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅम नायट्रोजन. दहा लाख लिटर पाणी बागेला दिलं, की २० किलो नायट्रोजन पाण्यातूनच गेला. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीतही जवळपास इतकाच असतो. मित्र बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे जे खत मी पैसे देऊन विहिरीत घातलं, तेच मोटारीचं बिल भरून वर काढतोय. आणि वर पुन्हा नवी गोणी!"

यंदा त्याने खताआधी माती आणि पानं तपासून घेतली. युरिया एकदम न टाकता ठिबकमधून थोडा थोडा सोडतो, आणि विहिरीतल्या नायट्रोजनचा हिशेब गोण्यांतून वजा करतो. विहीर मात्र लगेच सुधारणार नाही. वर आज हात आवरला, तरी आधी खाली गेलेलं अजून वाटेतच आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. कविता ऐकवेल म्हणून मी सरसावून बसलो, तर त्याने पाण्याचा नवा आकडा ऐकवला. एक्याऐंशी.