महोम्सचे ५० टचडाउन आणि तुमच्या प्रपोजलमधले 'अपेक्षित निष्कर्ष'

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'अपेक्षित निष्कर्ष' नावाचा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे काय लिहितात ते तुम्हालाही माहीत आहे. 'सदर अभ्यासातून सकारात्मक परिणाम दिसून येतील अशी अपेक्षा आहे.' मीही हेच लिहिलं होतं. किती सकारात्मक? कशावरून? आणि तसं झालं नाही तर ते तुम्हाला कळणार कसं? हे प्रश्न मला गाईडने विचारले नव्हते. ते मला एका खेळाने विचारले, आणि तोही असा खेळ की ज्याचे नियम मला तेव्हा धड कळत नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत नवीन होते, पहिलंच सेमिस्टर. डिपार्टमेंटमधल्या दहा जणांची अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग होती. एक जण कमी पडत होता म्हणून मला ओढलं. आपल्याकडची क्रिकेटची फॅन्टसी तुम्हाला माहीत असेल. हे थोडं वेगळं. इथे सीझन सुरू होण्याआधी ड्राफ्ट होतो, म्हणजे सगळे पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि एकदा एखादा खेळाडू माझ्याकडे आला की तो लीगमध्ये दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मग पुढचे चार महिने तो मैदानावर जे करेल त्याचे गुण मला. आमच्या लीगचा हिशोब असा: थ्रो करून मिळवलेल्या दर २५ यार्डांना १ गुण, थ्रोवर झालेल्या टचडाउनचे क्वार्टरबॅकला ४, झेलणाऱ्याला किंवा पळत जाणाऱ्याला ६.

म्हणून ड्राफ्टच्या आधी जो तो 'प्रिव्ह्यू' वाचत असतो. एखाद्या संघाचा ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची बाजू, यंदा काय करेल, चेंडू कुणाकडे किती जाईल, याचा अंदाज. नीट पाहिलंत तर हा 'अपेक्षित निष्कर्ष'च आहे. फरक इतकाच की इथे आकडा द्यावा लागतो आणि जानेवारीत तो सगळ्यांसमोर खरा किंवा खोटा ठरतो.

आता आपण दोघे मिळून एक प्रिव्ह्यू करू. संघ कॅन्सस सिटी चीफ्स, वर्ष २०१९. एकच अट: ऑगस्ट २०१९ नंतरचं काहीही आपल्याला माहीत नाही असं धरायचं. निकाल नंतर उघडू.

आपल्या हातात काय आहे? २०१८ चा सीझन. प्रशिक्षक अँडी रीड, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. त्याआधीच्या वर्षी तो फक्त एक सामना खेळला होता. २०१८ मध्ये त्याने ५८० थ्रो केले, ५,०९७ यार्ड, ५० टचडाउन, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाने १६ सामन्यांत ५६५ गुण केले, त्या वर्षी सगळ्यांत जास्त. साहजिकच २०१९ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांचं लक्ष एकाच नावावर होतं.

तर प्रश्न: महोम्स यंदा किती टचडाउन करेल?

नवखा माणूस म्हणतो ५०, कारण मागच्या वर्षी ५०. थोडा उत्साही असेल तर ५५, कारण पोरगा तेवीस वर्षांचा आहे, अजून शिकतोय. मी ५० म्हटलं होतं.

इथे पहिली सवय लावून घ्या: कुठलाही आकडा दिसला की त्याचा छेद विचारायचा. ५० हे एकसंध काही नाही. ते आहे ५८० थ्रो गुणिले ८.६ टक्के. थ्रोची संख्या ही संधी; ती बरीचशी प्रशिक्षकाच्या योजनेवर ठरते. टक्केवारी म्हणजे त्या संधीचं काय झालं. या दोन गोष्टींचे स्वभाव वेगळे आहेत. सगळ्या लीगची सरासरी त्या काळात साडेचार ते पाच टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे महोम्सचा दर जवळजवळ दुप्पट.

मग विचारायचं की असं आधी कुणाचं झालंय, आणि त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं? यासाठी तुलनागट लागतो, आणि तुलनागटाचा नियम आकडे बघण्याआधी ठरवायचा. माझा नियम: २०१८ च्या आधी एका सीझनमध्ये ४५ किंवा जास्त टचडाउन थ्रो केलेले सगळे. नियम लावला की सहा सीझन मिळतात.

डॅन मरिनो, १९८४: ४८ टचडाउन, दर ८.५ टक्के. पुढच्या वर्षी ३०, दर ५.३.
पेटन मॅनिंग, २००४: ४९, दर ९.९. पुढे २८, दर ६.२.
एरन रॉजर्स, २०११: ४५, दर ९.०. पुढे ३९, दर ७.१.
ड्रू ब्रीस, २०११: ४६, दर ७.०. पुढे ४३, दर ६.४.
पुन्हा मॅनिंग, २०१३: ५५, दर ८.३. पुढे ३९, दर ६.५.

सहावा टॉम ब्रेडी, २००७ चे ५०. त्याच्याकडे येतेच.

या पाचांकडे नीट बघा. पाचही खाली आले. यांतला कुणी पुढच्या वर्षी वाईट खेळाडू झाला नव्हता. साडेसहा टक्के हा दरही उत्तमच. पण जो जितका वर गेला होता तो साधारण तितका जास्त घसरला: मॅनिंग ९.९ वरून ६.२, ब्रीस मात्र ७.० वरून ६.४. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. विक्रमी वर्ष म्हणजे कौशल्य अधिक नशीब. कौशल्य पुढच्या वर्षी सोबत येतं, नशिबाचा डाव नव्याने मांडला जातो. चेंडू एक यार्ड अलीकडे अडवला गेला तर टचडाउन नाही, पुढचा खेळाडू पळत जाऊन तो करतो आणि क्वार्टरबॅकच्या खात्यात काहीच नाही. असे चार-पाच प्रसंग इकडचे तिकडे झाले की सीझनचा आकडा बदलतो.

(तुमच्यापैकी जे शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात आहेत त्यांनी इथे थांबून आपली रचना तपासा. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडली, उपक्रम केला, उत्तरचाचणीत गुण वाढले. उपक्रम नसता केला तरी थोडे वाढलेच असते. नियंत्रित गट नसेल तर तुम्ही नक्की काय मोजलंत?)

पाचांच्या पुढच्या वर्षाच्या दरांची सरासरी येते ६.३ टक्के. ५८० थ्रो धरले तर ३६ टचडाउन. ५० पेक्षा हा अंदाज कितीतरी शहाणा. बाकीच्या खेळाडूंनाही हीच पट्टी लावायची. टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी: २०१८ मध्ये त्याच्या दिशेने १५० थ्रो, त्यांत १० टचडाउन. १५० वर विश्वास ठेवा, १० वर कमी. रनिंग बॅक डेमियन विल्यम्स: करीम हंटला संघाने नोव्हेंबरअखेर काढलं आणि विल्यम्स एकदम चमकला, प्ले-ऑफमध्येही. लोक त्याला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेत होते. पण छेद विचारा: अख्ख्या नियमित सीझनमध्ये तो चेंडू घेऊन पळाला फक्त ५० वेळा. ५० प्रसंगांवर महत्त्वाचा ड्राफ्ट पिक लावायचा?

आता पाकीट उघडू.

२०१९ मध्ये महोम्सने ४८४ थ्रो केले आणि टचडाउन झाले २६.

केल्सीकडे १३६ थ्रो आले, म्हणजे संधी जवळपास टिकली; टचडाउन दहाचे पाच झाले. (२०२० मध्ये पुन्हा १४५ थ्रो, आणि टचडाउन ११. संधीचा आकडा कसा शांत आहे आणि टचडाउनचा कसा उड्या मारतो, बघा.) सीझन तोंडावर आला असताना संघाने लशॉन मकॉयला घेतलं, विल्यम्स १११ वेळा पळाला, मकॉय १०१ वेळा. ज्याने विल्यम्सला घेतलं होतं तो आमच्या लॅबमधला मुलगा डिसेंबरपर्यंत मकॉयच्या नावाने बोटं मोडत होता.

आपला ३६ चा अंदाज दहाने चुकला. चूक झाली म्हणून कागद फाडायचा नाही, तिचे तुकडे करायचे. आपलाच ६.३ टक्के दर खऱ्या ४८४ थ्रोंना लावला तर ३० येतात. म्हणजे दहांपैकी सहांची चूक संधीच्या अंदाजात, चारांची दराच्या अंदाजात. मोठी चूक जिथे आपण विचारच केला नाही तिथे निघाली: ५८० हा आकडा आपण मागच्या वर्षीवरून जसाच्या तसा उचलला होता. १७ ऑक्टोबरला डेन्व्हरविरुद्ध महोम्सच्या गुडघ्याची वाटी सरकली, आणि तो पुढचे दोन सामने बाहेर बसला. 'दुखापत कुणाला सांगून येते?' असं म्हणून ही चूक माफ करता येईल. मीही केली होती. पण ब्रेडी आठवतोय ना?

२००७ मध्ये ब्रेडीने ५० टचडाउन केले. २००८ च्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा गुडघा गेला. (समोरचा संघ कोणता होता? चीफ्सच.) सीझन संपला: ११ थ्रो, शून्य टचडाउन. त्याचा दर काढण्यात अर्थ नाही म्हणून मी त्याला गटातून वगळलं. वरवर किती तर्कशुद्ध!

आता थ्रो आणि दर बाजूला ठेवा, नुसते पुढच्या वर्षीचे टचडाउन घ्या. पाच जणांचे: ३०, २८, ३९, ४३, ३९. सरासरी ३६. ब्रेडीचा शून्य जोडा: सहांची सरासरी ३०. सहा टचडाउनचा फरक एकट्या वगळलेल्या माणसाचा. सहाच नोंदींचा गट म्हणून एक नोंद इतकी हलवते, ते मान्य. पण दुखापत हा अभ्यासात आलेला अडथळा नव्हता, तो निकालाचाच एक प्रकार होता. मी फक्त टिकलेल्यांना विचारलं की टिकलेल्यांचं काय होतं.

हे मला तेव्हा कळलं असं सांगितलं तर खोटं होईल. तीन वर्षांनी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा समितीपुढे होता. वाचनासाठी जादा मदत मिळालेल्या मुलांचे वर्षअखेरचे गुण वाढले होते, आकडे देखणे होते. समितीतल्या एका बाईंनी तळटीप वाचली: 'वर्षभर उपस्थित नसलेल्या विद्यार्थ्यांना विश्लेषणातून वगळले आहे.' त्यांनी विचारलं, ती मुलं गेली कुठे? मला माहीत नव्हतं. काही कुटुंबं गाव सोडून गेली होती, ते ठीक. पण काहींनी तो तास नको म्हणून येणंच बंद केलं होतं, आणि अशांना ती मदत उपयोगी पडली नव्हती हाच तर निकाल होता. मी माझे सगळे ब्रेडी वगळले होते. ते प्रकरण मला पहिल्यापासून लिहावं लागलं, आठ महिने गेले, आणि नवा परिणाम जुन्याच्या निम्माही उरला नाही.

आता उरलेल्या दोन गोष्टी, पटकन.

एक, सॅमी वॉटकिन्स. ८ सप्टेंबर २०१९, जॅक्सनव्हिलमध्ये सीझनचा पहिला सामना: ९ झेल, १९८ यार्ड, ३ टचडाउन. त्याच सामन्यात टायरीक हिल जखमी झाला, म्हणजे आता वॉटकिन्सचेच दिवस असं वाटून मी सोमवारी सकाळी माझा एक चांगला रिसीव्हर देऊन त्याला घेतलं. नियमित सीझन संपला तेव्हा वॉटकिन्सचे एकूण टचडाउन किती? तीन. पायलट स्टडीत सुंदर निकाल आला की मला आता तो सोमवार आठवतो.

दोन, चल कोणता मोजताय ते. २०१९ मध्ये चीफ्सचे गुण ५६५ वरून ४५१ वर आले, महोम्सचे टचडाउन निम्म्याजवळ आले, आणि त्याच सीझनमध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला, २ फेब्रुवारी २०२० रोजी, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ३१-२०. फॅन्टसीच्या प्रिव्ह्यूसाठी ते वर्ष निराशेचं, संघासाठी पन्नास वर्षांतलं सर्वोत्तम. दोन्ही विधानं खरी आहेत. प्रपोजलमध्ये 'यश' असा शब्द लिहिला असेल तर तो कुठल्या आकड्याने मोजणार हे त्याच ओळीत लिहा.

एक गृहपाठ देते. २०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनने ४०१ थ्रोंमध्ये ३६ टचडाउन केले, दर ९ टक्के. २०२० मध्ये किती केले असतील? माझा ४५ चा नियम इथे चालणार नाही, जॅक्सन त्यात बसतच नाही. तुमचा नियम तुम्ही करा. थ्रोचा अंदाज वेगळा, दराचा वेगळा, दोन्हींपुढे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा लिहा. गटातून कुणाला वगळत असाल तर त्याचं नाव आणि कारण खाली लिहा. कागदावर तारीख टाका. मगच मोबाइल हातात घ्या.