केबलविना संदेशवहन : लेसरची झेप, हवेचा अडसर

प्रतिनिधी

काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, तर समोरच्या काठावर किन्शासा. दोन देशांच्या या राजधान्यांमधील अंतर जेमतेम पाच किलोमीटर आहे. मात्र, नदी अतिशय खोल आणि वेगवान असल्याने ऑप्टिकल फायबरची केबल चारशेहून अधिक किलोमीटरचा वळसा घालून न्यावी लागत होती. परिणामी, किन्शासातील नागरिकांना इंटरनेटसाठी अनेक पटींनी जादा पैसे मोजावे लागत होते.

‘गुगल’ची मातृकंपनी असलेल्या ‘अल्फाबेट’च्या ‘तारा’ प्रकल्पाने २०२१ मध्ये या नदीवर केबलऐवजी लेसरचा पूल बांधला. कंपनीच्या माहितीनुसार, ४.८ किलोमीटरच्या या दुव्यावरून वीस दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती वाहून नेण्यात आली.

या तंत्राचे मूळ तत्त्व सोपे आहे. फायबरमध्ये माहिती प्रकाशाच्या रूपानेच धावते. येथे तोच प्रकाश काचेच्या तंतूऐवजी मोकळ्या हवेतून पाठविला जातो. दोन उंच ठिकाणी बसविलेली उपकरणे एकमेकांच्या थेट दृष्टिपथात असावी लागतात. शलाका अत्यंत अरुंद असल्याने मनोरा वाऱ्याने किंचित हलला, तरी नेम चुकू शकतो. त्यामुळे उपकरणातील आरसे सतत आपली दिशा सुधारत राहतात.

ही कल्पना नवी नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच ‘फोटोफोन’द्वारे सूर्यप्रकाशाच्या झोतावरून २१३ मीटर अंतरावर आवाज पोहोचविला होता.

अडचण प्रकाशाची नाही, हवेची आहे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दूरची दृश्ये थरथरताना दिसतात. हवेच्या थरांतील तापमानाच्या फरकाने लेसरशलाकाही तशीच विस्कटते. यावर स्वित्झर्लंडमधील ‘ईटीएच झुरिच’ या संस्थेच्या संशोधकांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांच्या मदतीने उपाय शोधला. युंगफ्राउयोख या आल्प्समधील शिखरखिंडीपासून बर्नजवळील झिमरवाल्डपर्यंत, ५३ किलोमीटर अंतरावर त्यांनी चाचणी घेतली. ९७ सूक्ष्म आरसे असलेली चकती सेकंदाला १,५०० वेळा शलाकेची विकृती दुरुस्त करीत होती. त्यातून सेकंदाला जवळपास एक टेराबिटचा वेग साधल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.

दाट धुक्यापुढे मात्र हे आरसेही हतबल ठरतात. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि विखुरलेला प्रकाश पुन्हा गोळा करता येत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी रेडिओ लहरींची पर्यायी व्यवस्था सोबत ठेवावी लागते.

त्यामुळे लेसर फायबरची जागा घेईल, असे मानणे धाडसाचे ठरेल. मात्र नदी, दरी वा डोंगर आडवा आल्याने जेथे केबल पोहोचत नाही, किंवा पोहोचली तरी परवडत नाही, तेथे हा प्रकाशाचा पूल मोलाचा ठरणार आहे.