एकाने नाही वाचली, तर दुसरा वाचेल

नाशिकमध्ये २००३ आणि २०१५ या दोन सिंहस्थांच्या मधल्या बारा वर्षांत जी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि साठीशांती झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आज गोल चकतीवर आहेत. त्याआधी व्हीएचएस कॅसेट होती आणि त्यानंतर पेनड्राइव्ह आला. मधला काळ सीडी-डीव्हीडीचा. कार्यालयात शूटिंग, स्टुडिओत मिक्सिंग, आणि पुढे महिना-दोन महिन्यांनी हाती पडणारा, नवरा-नवरीचा फोटो छापलेला बॉक्स. तो बॉक्स कपाटात वरच्या फळीवर असतो. घरातल्या नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, आणि टीव्हीखालचा प्लेअर भंगारवाल्याकडे गेलेला असतो.

अशा घरांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: जुना डेस्कटॉप असेल तर तो देऊन टाकू नका. त्याला एक चालता डीव्हीडी ड्राइव्ह ठेवा, आणि शेजारच्या खणात दुसरा बसवून घ्या. शक्यतो वेगळ्या कंपनीचा.

दुसरा कशाला, असं विचारणं साहजिक आहे. वीस वर्षांपूर्वी असेंबल केलेल्या पीसीला दोन ड्राइव्ह लावायची पद्धत होती, पण तेव्हाचं कारण निराळं होतं. एक साधा, फक्त वाचणारा आणि एक रायटर. वाचण्याचं काम साध्यावर टाकायचं आणि महागड्या रायटरची लेन्स जपायची. शिवाय एकातली डिस्क थेट दुसऱ्यात कॉपी करता यायची. वरपक्षाला दोन, वधूपक्षाला दोन, मामांना एक अशा प्रती काढणाऱ्या स्टुडिओंना ते सोयीचं होतं. आज प्रती काढायला कोणी ड्राइव्ह बसवत नाही. आज दुसरा ड्राइव्ह लागतो तो आजारी डिस्क वाचण्यासाठी.

डिस्क आजारी पडते म्हणजे काय होतं? दुकानातून विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कवर खड्ड्यांची नक्षी साच्यातून दाबून काढलेली असते. घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या डिस्कवर असे खड्डे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरने तो ठिकठिकाणी भाजला जातो, आणि भाजलेल्या-न भाजलेल्या ठिपक्यांतूनच सगळं चित्रण उभं राहतं. उजेडाने, उष्णतेने हा रंग हळूहळू बदलतो. वर चांदीसारखा चमकणारा थर असतो, त्याला हवेतला ओलावा बाधतो. सीडीत तर हा थर छापील बाजूला, पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. म्हणून सीडी खालून ओरखडली तर बऱ्याचदा वाचते, पण वरून खरवडली किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की त्याबरोबर माहितीच निघून येते. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर मधे सुरक्षित असतो. मात्र तिची कड उकलली तर ओलावा थेट आत शिरतो.

हाताशी असलेली एखादी डीव्हीडी तिरकी धरून ट्यूबलाइटखाली पाहा. मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला एक पट्टा किंचित गडद दिसेल आणि पुढे एका रेषेवर छटा बदलेल. तिथपर्यंत डिस्क राईट झालेली आहे. माहिती आतून बाहेर, एकाच अखंड मळसूत्री रेघेत लिहिली जाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर अवघं ०.७४ मायक्रॉन. भरलेल्या डीव्हीडीवरची ही रेघ सरळ केली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंतच्या अंतरापेक्षा लांब. याचा व्यवहारातला अर्थ असा की लग्नाच्या भरलेल्या डिस्कवर हळद मध्याजवळ असते आणि पाठवणी अगदी कडेला. बोटं लागतात कडेला, डिस्क उकलते कडेला, घाईने जास्त वेगात राईट केली असेल तर चुकाही कडेकडेच वाढतात. म्हणून कॅसेट संपत आल्यासारखी ही डिस्क नेमकी पाठवणीलाच अडकते.

आता ड्राइव्हकडे येऊ. लेझरचा परावर्तित उजेड किती क्षीण झाला तरी ओळखायचा, डिस्क वाकडी असली तर लेन्सने किती सावरून घ्यायचं, चुकलेला भाग किती वेळा पुन्हा वाचायचा, हे प्रत्येक ड्राइव्हच्या बांधणीवर आणि आतल्या फर्मवेअरवर ठरतं. वर्षानुवर्षं वापरलेल्या ड्राइव्हची लेन्स धुळीने मंद होते, हे वेगळंच. त्यामुळे एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा सहज उघडतो, आणि गंमत म्हणजे उलटही घडतं: पहिल्याने वाचलेला भाग दुसऱ्याला जमत नाही. दोघांनी वाचलेलं एकत्र करता आलं तर?

ते करता येतं. विंडोजमध्ये फाइल कॉपी करताना एक जरी भाग वाचता आला नाही तरी सायक्लिक रिडंडन्सी चेकचा इशारा येतो आणि ती फाइल कॉपी होत नाही. डीव्हीडी व्हिडिओच्या फाइली एकेक गिगाबाइटपर्यंतच्या असतात, म्हणजे एका डागापायी वीस-पंचवीस मिनिटांचं चित्रण गेलं. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम वेगळ्या रीतीने जातो. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तो चालवता येतो. तो फाइली बघतच नाही. भरलेल्या डीव्हीडीवर २०४८ बाइटचे सुमारे २३ लाख सेक्टर असतात. तो आधी सोपे सेक्टर झरझर उचलतो, अवघड जागा सोडून पुढे जातो, मग परत येऊन त्यांच्याशी झटतो. कुठला सेक्टर मिळाला आणि कुठला राहिला याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, इमेज फाइल आणि मॅपफाइल तीच द्या. तो फक्त राहिलेल्या जागा मागतो आणि मिळतील तितक्या भरतो. अर्धवट जागांवर रात्रभर घासत बसलेला पहिला ड्राइव्ह जे देत नाही, ते दुसरा कधीकधी दहा मिनिटांत देतो. डीव्हीडीवर १६ सेक्टरांचा, म्हणजे ३२ किलोबाइटचा गठ्ठा एकत्रच दुरुस्त होतो किंवा एकत्रच बाद होतो. अगदी काही गठ्ठे राहिलेच तर चित्र क्षणभर फुटतं, बाकी लग्न शाबूत राहतं.

एका कुटुंबाची अशी डिस्क मी पाहिली आहे. प्लेअरवर ती औक्षणाच्या प्रसंगापाशी थांबायची, आणि औक्षण करणाऱ्या आजी आता नाहीत. त्यांचं चालतं-बोलतं रूप दुसरीकडे कुठेच नव्हतं. दुसऱ्या ड्राइव्हने तो भाग काढून दिला. तेव्हापासून हे काम मला केवळ हौसेचं वाटत नाही.

आपण तर दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यातले. जन्म त्र्यंबकेश्वरचा, हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम नाशिकमधलं, शेवटही इथेच, १९४४ मध्ये. त्यांचे बहुतेक चित्रपट आज अस्तित्वात नाहीत. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही पूर्ण उरलेला नाही. ती नायट्रेटची फिल्म होती, आपोआप विघटित होणारी आणि पेट घेणारी. डीव्हीडीचं रसायन सौम्य आहे, पण तेही आपल्या कपाटात थांबून राहत नाही. इगतपुरीकडच्या घरात तर पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी चढते. डिस्कच्या छापील कागदी पाकिटाला ती चढायला कितीसा वेळ?

ड्राइव्ह बसवणं अवघड नाही, पण घाई करू नका. आधी आपल्या मदरबोर्डवर कोणती जोडणी आहे ते पाहा. पट्टीसारखी रुंद, ४० पिनांची केबल म्हणजे जुनी आयडीई. त्यात एका केबलवर दोन ड्राइव्ह लागतात आणि मागचा छोटा जंपर एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह ठेवावा लागतो. दोन्ही मास्टर राहिले तर बहुधा एकही दिसत नाही. गेल्या पंधरा वर्षांतल्या पीसीत अरुंद साटा केबल असते, एका पोर्टला एकच ड्राइव्ह, जंपरचा प्रश्नच नाही. जुना ड्राइव्ह घ्यायला एम. जी. रोडला गेलात तर घरची एक चालती आणि एक अडणारी डिस्क बरोबर न्या, दुकानातच लावून पाहा. ट्रे दोन-चार वेळा उघडून मिटवा. आतला रबरी पट्टा सैल झाला असेल तर तो अडखळतो.

पीसी बंद करून भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. डावीकडचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. पुढच्या रिकाम्या खणाचं प्लास्टिकचं तोंड आतून दाबलं की निघतं. त्यामागे पत्र्याची पट्टी असेल तर ती हलवून तोडा, पण कडा धारदार असतात, जपून. ड्राइव्ह पुढून सरकवायचा, तोंडाला तोंड आल्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन एम-३ स्क्रू. हार्डडिस्कचे जाड स्क्रू इथे जबरदस्तीने पिळू नका, आटे जातात. एसएमपीएसकडून येणारी १५ पिनांची पॉवर आणि मदरबोर्डकडून येणारी ७ पिनांची डेटा केबल, दोन्हींच्या खाचा इंग्रजी एल आकाराच्या असतात, उलट्या बसतच नाहीत. साटा पॉवरचं मोकळं टोक नसेल तर मोलेक्सवरून साटा करणारं कन्व्हर्टर लावा.

एवढं करूनही ड्राइव्ह दिसला नाही तर बायोसमध्ये तो पोर्ट चालू आहे का बघा. आणि बोर्डवर एम.२ एसएसडी असेल तर पोर्ट बदलून पाहा, कारण बऱ्याच बोर्डांवर एम.२ वापरात आला की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो.

डिस्क घालण्याआधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नव्हे. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या दिशेनेच जातो आणि सलग माहिती खातो, आडवा ओरखडा दुरुस्तीच्या गणितात निभावून जातो. हँडीकॅमची छोटी, ८ सेंटिमीटरची डिस्क असेल तर ट्रेच्या आतल्या खोलगट वर्तुळात नीट बसवा. इमेज फाइल तयार झाली की व्हीएलसीवर सुरुवात, मध्य आणि विशेषतः शेवट चालवून पाहा, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे द्या. मूळ डिस्क लगेच फेकू नका. पुढेमागे तिसरा, आणखी चांगला ड्राइव्ह हाती आला तर मॅपफाइलमध्ये राहिलेल्या जागा तेव्हाही भरता येतात, म्हणून ती मॅपफाइलही इमेजच्या शेजारीच जपून ठेवा.