काळ्या चिलखतावरचा उजेड

काळा रंग लावायचा यात अवघड ते काय, असे कोणीही विचारील. डबी उघडावी, कुंचला बुडवावा आणि फासावे. पण टेबलावर लढाई खेळण्यासाठी जे बोटभर उंचीचे शिपाई रंगवले जातात, ते रंगवणाऱ्या मंडळींचा अनुभव निराळा आहे. लाल किंवा निळे चिलखत नवशिक्यालाही बऱ्यापैकी साधते. काळ्या चिलखतापुढे मात्र मुरलेला हातही बिचकतो. असे का व्हावे आणि त्यातून वाट कशी काढतात, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून, पट्टीने अंतर मोजून, फासे टाकून लढाई लढण्याचा हा प्रकार युरोपातला. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून त्याचे नियमच घालून दिले होते. आज या खेळांत बहुधा सर्वांत परिचित आहे तो 'वॉरहॅमर ४०,०००'. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८७ साली काढला. त्यातल्या भविष्यकाळातील योद्ध्यांचा 'ब्लॅक टेंप्लर्स' नावाचा एक पंथ आहे. अंगावर काळे चिलखत, खांद्यांवर पांढरी कवचे, त्यांवर काळा क्रूस. (नाव टेंप्लरांचे खरे, पण इतिहासातले टेंप्लर पांढऱ्या झग्यावर तांबडा क्रूस लावीत. पांढऱ्यावर काळा क्रूस ही खूण ट्यूटॉनिक सरदारांची. असो.) आपल्या विवेचनासाठी हाच शिपाई समोर ठेवू.

कोणत्याही वस्तूचा गोलावा आपल्याला कळतो तो मुख्यतः छायाप्रकाशामुळे. लाल चिलखत घ्या. उजेडाकडची बाजू भडक, मधला भाग गडद, पलीकडची कड जवळजवळ तपकिरी. या फरकावरूनच डोळा आकार वाचतो. काळ्या रंगावर पडलेल्या प्रकाशापैकी मात्र शेकडा चारपाच भागच परत येतो. त्यामुळे उजेडातला काळा आणि सावलीतला काळा यांत अंतर असे उरतच नाही. काळ्यावर सावली पडते, पण पडलेली दिसत नाही. आकार सांगण्याचे सारे काम मग एकट्या चकाकीवर येते. आणि ही चकाकी वस्तूची नसते, ती दिव्याची किंवा आभाळाची असते. तिचा रंगही त्यांचाच. गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाची मूर्ती कोरडी असताना तिचे नाकडोळे नीट उमगत नाहीत. तेल लागले आणि समई पेटली, की कपाळ, नाक, गुडघे एकेक करून अंधारातून वर येतात, ते याच कारणाने.

मग शिपायालाही चकचकीत व्हार्निश लावले की झाले, असे वाटेल. पण येथे आकारमान आडवे येते. खऱ्या माणसाशी या शिपायाचे प्रमाण साधारण एकास साठ असे असते. त्याच्या खांद्याचा गोलावा इतका लहान, की खोलीतील दिवा त्यावर टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. शिवाय तीन फुटांवरून हा शिपाई पाहणे म्हणजे खरा माणूस एकशेऐंशी फुटांवरून पाहण्यासारखे. त्या अंतरावरून टाचणीचे टोक काय सांगणार? टेबलावर दिसतो तो नुसता काळा डाग, आणि चार संध्याकाळींचे श्रम त्या डागात बुडून जातात. म्हणून रंगवणाऱ्याला उजेडाची वाट पाहून चालत नाही. तो त्याने स्वतःच रंगवावा लागतो.

आता कृती. साच्याची शिवण चाकूने खरवडून शिपायाला काळे अस्तर द्यावे. त्यावर चिलखताचा रंग म्हणून अगदी गडद करडा लावावा; निव्वळ काळा राखून ठेवावा तो सांध्यांसाठी आणि खाचांसाठी. काळ्याहून काळे काही शिल्लक ठेवले तरच चिलखताला खोली येते. मग वरच्या अंगाला, म्हणजे आभाळाकडे तोंड करून असलेल्या भागांना, थोडा फिकट करडा. त्याच्या आत त्याहून फिकट, त्याहून अरुंद पट्टा. शेवटी कोपऱ्यांवर आणि गुडघ्याच्या माथ्यावर जवळजवळ पांढरा ठिपका. सिटाडेल रंगांच्या डब्यांवर 'अबॅडन ब्लॅक', 'एशिन ग्रे', 'डॉनस्टोन' अशी भारदस्त नावे असतात. आपण काळा, गडद करडा आणि मधला करडा असे वाचावे. कडेवर रेघ ओढताना कुंचल्याचे टोक वापरू नये. पातळ रंगात बुडवून टिपलेल्या कुंचल्याची बाजू कडेवरून सरकवावी, म्हणजे कडच रेघ सरळ ठेवते.

या कडांच्या रेघांवरून रंगवणाऱ्यांत बराच वाद आहे. कंपनीच्या पुस्तकांतील शिपायांच्या वरच्या, खालच्या, आतल्या, सगळ्या कडा उजळलेल्या दिसतात. टेबलावर शिपाई चटकन ओळखू येतो, हा त्या पद्धतीचा गुण. पण काखेखालची कड आणि खांद्यावरची कड सारखीच उजळली, तर उजेड कोणत्या बाजूने येतो हेच कळेनासे होते आणि चिलखताच्या जागी तारेचा पिंजरा दिसू लागतो. माझ्या मते खालच्या कडांना एकच मंद रेघ पुरे. उजळलेला सारा भाग मिळून चिलखताच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये. त्यापुढे गेले की ते काळे चिलखत राहत नाही, करडे होते. २०१९ पासून मिळणारे 'कॉन्ट्रास्ट' रंग फिक्या अस्तरावर एका हातात काळे चिलखत उरकतात. मोठी पलटण असेल तर ठीक, पण रुंद सपाट पत्र्यावर त्यांचे डाग पडतात.

उजेडाचा करडा कोणता घ्यावा, हा प्रश्न त्याहून रंजक आहे. कारण त्या रंगावरूनच वस्तू कशाची आहे हे ठरते. निळसर करड्याने चिलखत थंड, गुळगुळीत, नवे दिसते. टेंप्लरला ते शोभते. पण जर्मनीतील तीस वर्षांच्या युद्धातला (१६१८–१६४८) चिलखती स्वार रंगवायचा असेल तर हा निळा उजेड खोटा ठरेल. त्या काळी अनेक साध्या चिलखतांना काळा रंग देत, तो दिमाखापेक्षा गंज रोखण्यासाठी आणि घासण्यापुसण्याचे कष्ट वाचवण्यासाठी. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील जुन्या शस्त्रागारात सुमारे ३२,००० वस्तू जपलेल्या आहेत, आणि त्यांत अशी काळी चिलखते पाहायला मिळतात. अशा स्वारासाठी तपकिरी झाक असलेला, निस्तेज काळा घ्यावा. जेथे पट्टा किंवा हात घासतो तेथील रंग उडून आतले पोलाद उघडे पडलेले दाखवावे. गंमत अशी, की टेंप्लरच्या कडेवरची रेघ हा संकेत असतो; या स्वाराच्या कडेवर मात्र ती वस्तुस्थिती होऊन बसते.

शेजारच्या रंगांचेही भान हवे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की तेथला काळा धागा फिका निघतो. त्याने तपासले, तर रंगात दोष नव्हता. निळ्याजांभळ्या धाग्यांशेजारी तो विणल्यामुळे फिका भासत होता. त्यातून १८३९ साली रंगांच्या परस्परपरिणामावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. आपल्या शिपायाच्या बाबतीत पांढरी खांदकवचे उलटे काम करतात: त्यांच्या शेजारी काळा अधिकच काळा होतो आणि त्यावरचे करडे उजाळे मंदावतात. म्हणून कवचे आधी रंगवावी, आणि चिलखताचा उजेड किती हवा ते मग ठरवावे. कवचेही संपूर्ण शुभ्र नकोत. फिका करडा देऊन शुभ्र रंग फक्त माथ्यावर ठेवावा.

शेवटी एक सावधगिरी. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर किंचित गडद होतात. ओला असताना जो करडा बरोबर वाटतो तो वाळल्यावर दिसेनासा होतो. तेव्हा प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, मगच पुढचा रंग कालवावा. उजाळा जास्त झाला तर भरपूर पाणी घातलेल्या काळ्याचा एक हात त्यावरून फिरवला की सगळे पुन्हा खाली बसते. त्यावर मॅट व्हार्निश, म्हणजे खोलीतल्या दिव्याची चकाकी रंगवलेल्या चकाकीशी भांडणार नाही. मग शिपाई टेबलावर ठेवून तीन फूट मागे सरावे. तेवढ्या अंतरावरून गुडघा कोणता आणि खांदा कोणता हे ओळखू आले, की कुंचला धुवून ठेवावा.